सकाळचे वर्ग, दिवसभराचे कोर्ट

आपले गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज मुंबई विद्यापीठाहून दोन वर्षांनी आणि मुंबई उच्च न्यायालयाहून सात वर्षांनी वडील आहे. १८५२ साली सर अर्स्किन पेरी मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीशपद सोडून विलायतेला परतले. त्यांच्या सन्मानार्थ मुंबईकरांनी वर्गणी जमवली, त्यातून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये न्यायशास्त्राच्या अध्यापकाचे पद निर्माण झाले आणि १८५५ मध्ये वर्ग सुरू झाले. पेरींचे नाव त्या पदाला कायमचे चिकटले. याच पेरींशी शिक्षण मंडळात जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचा शिक्षणाच्या माध्यमावरून मोठा वाद झाला होता. पेरी इंग्रजीच्या बाजूचे, नाना मातृभाषेच्या बाजूचे. कायद्याचे वर्ग इंग्रजीतूनच भरले. पण इथे शिकलेल्या बहुसंख्य मराठी मुलांना उभा जन्म मराठीत साक्षीपुरावे घेण्यात घालवायचा होता. त्या वादातला नानांचा मुद्दा जिल्हा कोर्टातल्या वकिलाला आजही रोज आठवावा असा आहे.

इमारत, प्राचार्यांची परंपरा, निकाल, पदके यांची नोंद या स्मरणिकेत अन्यत्र आहे. माझ्याकडे संपादकांनी एकच अंग सोपवले आहे : इथून बाहेर पडलेल्या मुलाला पहिले काम कोणी दिले, आणि त्यात आधीच्या विद्यार्थ्यांचा वाटा किती. कॉलेजच्या दीर्घ आयुष्यातला बहुतेक काळ या कामासाठी समिती नव्हती, कचेरी नव्हती. तरी ते काम चालू होते, आणि कसे चालू होते हे नीट पाहिले की त्यातली ताकदही दिसते आणि त्याने केलेला अन्यायही दिसतो.

सुरुवातीचे लॉ स्कूल अगदी लहान. स्वतःची वास्तू नाही, पूर्ण वेळ शिकवणारे जवळजवळ नाहीत. शिकवायला येत ते वकिली करणारे लोक. त्यांना दिवसा कोर्ट असे, म्हणून वर्ग कोर्टाच्या आधी किंवा कोर्ट उठल्यावर. ही सोय पुढे रीतच होऊन बसली. पिढ्यान् पिढ्या आपल्या मुलांनी सकाळी तास केले आणि मग चर्चगेटहून चालत कोर्ट गाठले. विद्वत्तेच्या दृष्टीने या पद्धतीवर टीका झाली आणि ती रास्तच होती. अर्धवेळ शिकवणारा माणूस घड्याळाकडे पाहत शिकवतो, त्याचे मन अकराच्या बोर्डावर असते. पण उमेदवारीच्या दृष्टीने याहून चांगली व्यवस्था शोधून सापडली नसती. सकाळी करार कायदा शिकवणारा माणूस दुपारी त्याच कायद्यावर युक्तिवाद करताना दिसे. मुलगा त्यांच्या मागे कोर्टात जाऊन बसे, चार दिवसांनी त्यांची पुस्तके उचलू लागे, सहा महिन्यांनी त्यांच्या ब्रीफमधल्या तारखांची यादी करून देई. सनद हातात पडायच्या आतच त्याला बसायला जागा मिळालेली असे.

सर दिनशा मुल्ला इथे प्राध्यापक होते. दिवाणी प्रक्रिया संहिता, हिंदू कायदा, मुस्लिम कायदा या विषयांवरची त्यांची पुस्तके आजही 'मुल्ला' एवढ्याच नावाने मागितली जातात. १८९५ मध्ये सुरू झालेली मुल्ला अँड मुल्ला ही सॉलिसिटरांची पेढीही त्यांचीच. वर्गात शिकवणारा, पुस्तक लिहिणारा आणि पेढी चालवणारा माणूस एकच असला म्हणजे त्याच्या पुढच्या बाकावरच्या हुशार मुलाची चिंता निम्मी मिटते. मागच्या बाकावरच्याचे काय, हा प्रश्न उरतोच. त्याच्याकडे वळण्याआधी उच्च न्यायालयाची घडण सांगायला हवी, कारण कोणाला कोणाचा आधार मिळेल हे त्या घडणीवर ठरे.

उच्च न्यायालय १४ ऑगस्ट १८६२ रोजी सुरू झाले आणि पहिल्यापासून त्याचे दोन भाग पडले. ओरिजिनल साइडला मुंबई शहरातले मोठे दावे. तिथे पक्षकार आधी सॉलिसिटरकडे जाई, सॉलिसिटर कागद तयार करी आणि बाजू मांडण्यासाठी बॅरिस्टरला ब्रीफ देई. बॅरिस्टरने पक्षकाराकडून थेट काम घ्यायचे नाही. म्हणजे नव्या माणसाचे पोट सॉलिसिटरच्या मर्जीवर. सॉलिसिटरांच्या पेढ्या युरोपियनांच्या, पारशांच्या, गुजरात्यांच्या. मराठी मुलाला तिथे शिरकाव सहजी नसे. काशिनाथ त्र्यंबक तेलंगांसारखा एखादा १८७२ मध्ये त्या बाजूचा अ‍ॅडव्होकेट होऊन नाव काढी, पण तो अपवादच.

अपेलेट साइड वेगळी. जिल्ह्याजिल्ह्यांतून अपिले यायची ती इथे, आणि ती चालवणाऱ्या वकिलांना मध्ये सॉलिसिटर लागत नसे. मराठी माणसाची वकिली बहरली ती या बाजूला, आणि इथेच माजी विद्यार्थ्यांचे जाळे सर्वांत घट्ट विणले गेले. लॉ स्कूलमध्ये बरोबर शिकलेली मुले पांगत. कोणी रत्नागिरीला, कोणी साताऱ्याला, कोणी सोलापूरला, कोणी खानदेशात. एखाददुसरा मुंबईत राही. खाली दावा हरला की पक्षकार विचारी, "वकीलसाहेब, आता वर कुणाकडं जायाचं?" आणि साताऱ्याचा वकील आपल्या वर्गमित्राचे नाव सांगे.

सांगणे एवढ्यावर थांबत नसे. खालच्या वकिलाने निकालाची आणि हुकूमनाम्याची नक्कल काढून द्यायची, वकीलपत्रावर पक्षकाराची सही किंवा अंगठा घेऊन ठेवायचा, साक्षीतले कोणते वाक्य न्यायाधीशांनी वाचलेच नाही ते पेन्सिलीने खूण करून दाखवायचे आणि मुदत कधी संपते ते पाकिटावरच ठळक लिहायचे. उच्च न्यायालयात दिवाणी अपील दाखल करायला मुदत कायद्याप्रमाणे ९० दिवस मिळतात. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून नकलेवरच्या तारखा सोन्यासारख्या जपायच्या. अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी. यातली एक तारीख पुसट असली तर मुंबईचा वकील कपाळाला हात लावी. असे गाठोडे बांधून पक्षकाराला रात्रीच्या गाडीने पाठवायचे, सोबत चिठ्ठी. पक्षकार मुंबईत उतरे तो थेट वकिलाच्या घरी. पुष्कळदा जेवायलाही तिथेच.

याच गाठोड्यांवर नव्या मुलांची उमेदवारी झाली. साक्षी मराठीत, दस्त मराठीत, जुने असले तर मोडीत, आणि वर वाचायचे इंग्रजीत. ज्या ज्युनिअरला मोडी लागे आणि कुळकायद्याच्या नोंदी, फेरफार, सातबारा यांचा उलगडा होई त्याला अपेलेट साइडला सिनिअर शोधावा लागत नसे. खेड्यातून आलेल्या मुलाची ही जमेची बाजू होती आणि ती ओळखून त्याला जवळ करणारे सिनिअर बहुधा स्वतःही तशाच खेड्यातून आलेले असत. आपल्या संस्थेच्या इतिहासात माजी विद्यार्थ्यांनी नव्यांना दिलेला हात असा होता. त्याचे इतिवृत्त कोणी लिहिले नाही. तो ब्रीफच्या फितीत बांधला जाई.

महादेव गोविंद रानडे १८६६ साली एल्एल.बी. झाले आणि १८७१ पासून पुण्यास न्यायखात्यात गेले. १८९३ मध्ये तेलंगांच्या निधनाने उच्च न्यायालयात रिकामी झालेली जागा त्यांना मिळाली. १८७९ मध्ये एल्एल.बी. झालेल्या बाळ गंगाधर टिळकांनी वकिली केली नाही, पण पुण्यात वकिलीच्या परीक्षांसाठी लॉ क्लास चालवला. ही गोष्ट त्यांच्या चरित्रात कडेला पडते. आपल्या विषयात ती मध्यभागी आहे. मुंबईत राहून शिकण्याची ऐपत नसलेल्या मुलांना या वर्गाने सनदेपर्यंत नेले. त्या वर्गाला हात द्यायला आणि 'मराठा' पत्रासाठी कायदा शिकलेला तरुण हवा होता, म्हणून १८९६ मध्ये साताऱ्यास वकिली करणारे नरसिंह चिंतामण केळकर पुण्याला आले. केळकरांचे पुढचे सगळे आयुष्य त्या बोलावण्याने घडले. पुण्यात इंडियन लॉ सोसायटी १९२३ मध्ये स्थापन झाली आणि दुसऱ्या वर्षी तिचे लॉ कॉलेज निघाले. त्या संस्थेशी जोडल्या गेलेल्या नावांत केळकरही आहेत. तोवर इलाख्यातल्या मुलांचा मोठा ओघ मुंबईकडेच होता. पुणे सुरू झाल्यावर तो विभागला, आणि त्याने नुकसान कोणाचेच झाले नाही. पुण्याचे पहिल्या तुकड्यांतले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर १९२६ मध्ये मुंबईच्या अपेलेट साइडलाच आले. पुण्यातूनच आलेले यशवंत विष्णु चंद्रचूड १९४९ ते १९५२ आपल्या कॉलेजात अर्धवेळ शिकवत होते. दोघेही पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले.

आता मागच्या बाकाकडे वळतो.

ओळखीवर चालणारी व्यवस्था ओळख असलेल्यालाच पोसते. स्त्रियांना तर १९२३ चा कायदा होईपर्यंत वकिलीचे दारच बंद होते. कॉर्नेलिया सोराबजी १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या एल्एल.बी. परीक्षेस उतरल्या, तरी कोर्टात उभे राहण्याचा हक्क मिळायला आणखी पंचवीसेक वर्षे लागली. आणि त्याच १९२३ साली, ग्रेज इनची बॅरिस्टरी आणि कोलंबिया व लंडन इथल्या उच्च पदव्या घेऊन, डॉ. भीमराव रामजी आंबेडकर मुंबईत वकिली सुरू करायला आले. सनदेच्या पैशांसाठी त्यांना नवल भथेना या पारशी मित्राची मदत घ्यावी लागली. पुढचा प्रश्न पैशाने सुटणारा नव्हता. ओरिजिनल साइडला ब्रीफ सॉलिसिटरने द्यायचे, आणि अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ द्यायला सॉलिसिटर तयार नव्हते. त्यांच्या वाट्याला आली ती गरिबांची आणि जिल्ह्याच्या कोर्टांतली कामे. परळच्या दामोदर हॉलमध्ये बसून त्यांनी ती केली. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून जेधे आणि जवळकर यांच्यावर झालेल्या खटल्याचे पुण्यातले अपील त्यांनी १९२६ मध्ये जिंकले. पोटासाठी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. १९२८ मध्ये आपल्या कॉलेजात काही महिने अर्धवेळ प्राध्यापकी केली.

आणि १ जून १९३५ रोजी ते याच कॉलेजचे प्राचार्य झाले. ज्या व्यवसायाने बारा वर्षांपूर्वी त्यांच्याकडे पाठ फिरवली होती त्याची नवी पिढी घडवणारी संस्था त्यांच्या हाती आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांची धर्मांतराची येवल्याची घोषणा झाली. प्राचार्यपदाच्या त्या काळाबद्दल लिहिताना लोक तेवढ्यावर थांबतात. मला जानेवारी १९३६ च्या कॉलेज मॅगझिनमधला त्यांचा लेख तितकाच महत्त्वाचा वाटतो. मुंबई इलाख्यातल्या कायदेशिक्षणाची सुधारणा हा त्याचा विषय. नुसती कलमे घोकून वकील तयार होत नाही, त्याला कायद्यापलीकडच्या विषयांची बैठक लागते, असे त्यांनी तिथे मांडले. मला यात त्यांचा स्वतःचा अनुभव दिसतो. ज्याला काका-मामांच्या ऑफिसात बसून धंदा शिकता येतो त्याचे कॉलेजवाचून फारसे अडत नाही. ज्याला तसे कोणी नाही त्याला जे मिळायचे ते कॉलेजातच मिळायला हवे. अभ्यासक्रम भक्कम असणे हा बिनओळखीच्या मुलाचा खरा वशिला.

प्राचार्यपद सोडल्यावरही हा विचार त्यांनी सोडला नाही. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली, १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज, आणि १९५६ मध्ये सिद्धार्थ लॉ कॉलेज. फोर्टातले, कचेऱ्यांच्या गर्दीतले. दिवसा कारकुनी करून शिकणाऱ्या मुलांसाठी अशा कॉलेजांचा केवढा आधार झाला हे मुंबईतल्या कोणत्याही कामगार न्यायालयाच्या बार रूममध्ये विचारावे. आपल्या कॉलेजचा इतिहास लिहिताना या धाकट्या कॉलेजाचे नाव त्यात यायलाच हवे असे मी मानतो, कारण आपल्याकडे जे अपुरे होते ते तिथे जाणूनबुजून पुरे करण्याचा प्रयत्न झाला.

आंबेडकरांनंतर १९३८ मध्ये आसफ फैजी प्राचार्य आणि पेरी प्राध्यापक झाले. त्यांच्या काळात एक तरुण नाइलाजाने कॉलेजात आला. त्याला विद्यापीठात इंग्रजीचा अधिव्याख्याता व्हायचे होते, ती जागा मिळाली नाही. इतर बहुतेक अभ्यासक्रमांचे प्रवेश संपले होते म्हणून त्याने कायद्याला नाव घातले. तो नानी पालखीवाला. १९४४ मध्ये तो सर जमशेटजी कांगा यांच्या चेंबरमध्ये दाखल झाला.

कांगांचे चेंबर म्हणजे उच्च न्यायालयातले चेंबर नंबर एक. या एका खोलीबद्दल आपल्या स्मरणिकेत स्वतंत्र लेख हवा होता. होरमसजी सिरवई तिथे १९३२ पासून होते. फली नरिमन १९५० मध्ये सनद घेऊन आले, मग सोली सोराबजी. चौघेही आपल्या कॉलेजचे. सिनिअरच्या टेबलाभोवती ज्युनिअर बसलेले, कागद सर्वांसमोर उघडे, चर्चेत सर्वांत धाकट्यालाही बोलायची मुभा, ही चेंबरची पद्धत. ज्युनिअरला शिकवण्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, त्याच्यासमोर काम केले की पुरते. सिनिअरकडे दोन कामे एका दिवशी आली की एक ज्युनिअरकडे जाते. न्यायाधीशांना तोंड ओळखीचे होते. सॉलिसिटर पुढच्या वेळी त्याला नावाने विचारतो. वकिलीत बस्तान बसणे ते हेच, आणि ते एका पिढीने दुसरीला असे हातोहात द्यावे लागते. पालखीवालांनी नंतर कॉलेजात शिकवले, म्हणजे चेंबरमधून घेतलेले वर्गात परत आले.

अशा जाळ्याने माणसे एकमेकांची तळी उचलू लागतात अशी शंका घेतली जाते. त्याला उत्तर म्हणून केशवानंद भारती खटला पुरेसा आहे. तेरा न्यायाधीश, ६८ दिवसांची सुनावणी, निकाल २४ एप्रिल १९७३. अर्जदाराकडून पालखीवाला, केरळ राज्याकडून सिरवई. एकाच कॉलेजचे, एकाच चेंबरचे दोघे घटनेच्या मूलभूत चौकटीवरून समोरासमोर उभे ठाकले. न्यायपीठावर बसलेल्या चंद्रचूडांनी आपल्याच कॉलेजात शिकवले होते, आणि पालखीवालांचा मुद्दा मान्य करणाऱ्या सात जणांत ते नव्हते. ओळखीने दार उघडावे, निकाल बदलू नये. ही मर्यादा त्या पिढीने पाळली आणि म्हणून त्या ओळखीला मान राहिला.

१९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने प्लीडर, वकील, अ‍ॅडव्होकेट हे भेद पुसले. १९७६ च्या दुरुस्तीने ओरिजिनल साइडला सॉलिसिटरमार्फतच जाण्याची सक्ती गेली. १९८० च्या दशकात बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आला आणि १९८८ मध्ये बंगळुरूला नॅशनल लॉ स्कूलचे वर्ग भरू लागले. १९९१ नंतर मोठ्या लॉ फर्म वाढल्या, त्या थेट कॉलेजात येऊन मुले निवडू लागल्या. आपल्या मुलांनी स्वतः समित्या उभारल्या, अभिरूप न्यायालयापासून प्लेसमेंटपर्यंत, आणि त्या उत्तम चालवल्या. याबद्दल त्यांच्यापैकीच कोणी लिहिलेले बरे. मी जिल्ह्याचा माणूस. माझी नजर जाते ती फर्मच्या यादीत नाव न आलेल्या मुलाकडे, आणि तीच मुले संख्येने जास्त असतात.

त्या मुलाचे आजचे दिवस कसे असतात ते सांगतो. सनद मिळते. बार कौन्सिलने वकिलीपूर्वी एक वर्षाची उमेदवारी सक्तीची करणारे नियम १९९५ मध्ये केले होते, ते सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रद्द केले. आता अखिल भारतीय बार परीक्षा आहे, पण ती पास झाल्याने वकीलपत्र कसे दाखल करावे हे कळत नाही. मुलगा एखाद्या सिनिअरच्या दारात उभा राहतो. आमच्या वेळी माझ्यासमोर एका कारकुनाने एका मुलाला विचारले होते, "कोणाकडनं आलास बाळ?" कोणाकडूनच नाही म्हटल्यावर पुढचे बोलणे झालेच नाही. आजही प्रश्न तोच आहे, फक्त विचारण्याची रीत सभ्य झाली आहे. जागा मिळालीच तर पहिली दोन वर्षे तारखा घेणे, रोजनामा बघणे, नकलेचा अर्ज, नोटिसा बजावल्या का ते बेलिफाकडे विचारणे. हे सगळे शिकण्याचेच आहे, ते मी कमी लेखत नाही. पण महिन्याच्या शेवटी हातात काय? पुष्कळ ठिकाणी येण्याजाण्याचे भाडे. घरून पैसे येणार असतील तो टिकतो, नसतील तो मार्च-एप्रिलपर्यंत दुसरी नोकरी धरतो. अशी गेलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांच्यातली काही माझ्यापेक्षा चांगले वकील झाली असती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. शिफारसच ती, बंधन नाही. त्याआधी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने सनदेचे शुल्क कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांपेक्षा, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा, जास्त घेता येणार नाही असे बजावले. आंबेडकरांना सनदेसाठी मित्राकडे हात पसरावा लागला होता. त्यानंतर एका शतकाने का होईना, ती पहिली पायरी खाली आली.

आणि २० मे २०२५ चा निकाल. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा घातली. ती वकिली केल्याचा दाखला किमान दहा वर्षे प्रॅक्टिस असलेल्या वकिलाने द्यायचा, आणि त्यावर न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची मान्यता. न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेले कामही धरले जाणार. या पदासाठीची, म्हणजे जेएमएफसीची, परीक्षा देऊ पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी ही मोठी गोष्ट आहे. न्यायासनावर बसण्याआधी कोर्टाचा उंबरा झिजवलेला असावा हे मला पटते. पण याचा दुसरा अर्थ असा की शेतमजुराच्या मुलीने परीक्षेचा अभ्यास कितीही केला तरी तिला आता आधी कोणा वकिलाचे ऑफिस लागणार, तेही तीन वर्षे. ऑफिस ओळखीने मिळत असेल तर न्यायासनाची वाटही ओळखीतूनच जाईल. तसे होऊ द्यायचे नसेल तर ती ओळख करून देणे आपले, म्हणजे दहा वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याचे, काम आहे.

यात कोल्हापूरने नवी संधी दिली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच तिथे सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची अपिले आता मुंबईला जात नाहीत. वकिलांनी आणि पक्षकारांनी यासाठी कित्येक वर्षे आंदोलने केली. नागपूर, औरंगाबाद, पणजी यांच्यानंतर आलेल्या या बेंचने वर सांगितलेल्या गाठोड्यांची दिशाच बदलली. मुंबईत अपेलेट साइडला उमेदवारी करून मग गावी परतायचे, हा आमच्या भागातल्या मुलांचा ठरलेला मार्ग होता. आता कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे काम आहे, पण ते शिकवू शकतील असे हात तिथे मोजके आहेत. फर्स्ट अपिलाचे पेपर बुक कसे लावावे, ऑफिस ऑब्जेक्शन कशी काढावीत, अंतरिम अर्ज कोणत्या क्षणी मेन्शन करावा, हे ज्यांनी मुंबईत वीस-वीस वर्षे केले ते आपले लोक आहेत. त्यांतले काही कोल्हापुरात बिऱ्हाड थाटू लागले आहेत. त्यांनी येताना ज्युनिअर मुंबईहून न आणता सहा जिल्ह्यांतून घ्यावेत, मग ती मुले कोणत्याही कॉलेजची असोत.

स्मरणिकेच्या शेवटी माजी विद्यार्थ्यांची सूची छापली जाणार आहे. त्या सूचीत पदे आणि पुरस्कार यांच्यासाठी जागा ठेवलेली मी पाहिली. माझी संपादकांना विनंती आहे की आणखी दोन रकाने घालावेत. एक, कोणत्या जिल्ह्याच्या कोर्टात काम करता. दुसरा, या वर्षी किती ज्युनिअर घेऊ शकता आणि दरमहा किती द्याल. ज्यांना रकाना कोरा ठेवायचा असेल त्यांनी तो कोरा ठेवावा. माझ्या नावापुढे साताऱ्याला दोन ज्युनिअर आणि शिफारशीतला ग्रामीण आकडा लिहावा. मोडी येत असेल तर उत्तम, नसेल तर शिकवीन.